ऑक्सिडीकारक ताण (मेंदूतील)

पेशीत निर्माण होणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे आणि त्यांना निकामी करणारी यंत्रणा यांचा समतोल ढळल्यावर येणारी अवस्था. ही संकल्पना जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये मांडली. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. त्याच्या पेशीपटलांत सहज ऑक्सिडीभूत होणारी मेदाम्लेही विपुल असतात. त्यामुळे या ताणाची झळ त्याला लवकर बसते.

उगम : तंतुकणिकांतील (पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांतील) इलेक्ट्रॉनवाहक साखळीतून काही इलेक्ट्रॉन मध्येच निसटून ऑक्सिजनला मिळतात व सुपरऑक्साइड हे क्रियाशील रूप तयार होते. ही गळती किती, याबद्दल मतभेद आहेत. वापरलेल्या ऑक्सिजनच्या १ ते २ टक्के हा आकडा पाठ्यपुस्तकांत अजूनही आढळतो. तो मुख्यतः १९७० च्या आसपास, पेशीबाहेर काढलेल्या तंतुकणिकांवर झालेल्या प्रयोगांतून आला. त्या प्रयोगांत ऑक्सिजन आणि इंधन दोन्हींची रेलचेल होती. जिवंत ऊतीत ऑक्सिजन पुष्कळ कमी असतो. म्हणून प्रत्यक्ष गळती बरीच कमी असावी, हे नंतरचे मत अधिक ग्राह्य वाटते. साखळीतील संकुल १ आणि संकुल ३ ही गळतीची प्रमुख ठिकाणे होत.

नियमन : एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) घटून एएमपी (त्याच्या वापरानंतर उरणारा रेणू) वाढले की एएमपीके हे विकर कार्यान्वित होते, ते साठवणुकीची कामे आवरते व इंधनाचे ज्वलन वाढवते. थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड (हेही एक क्रियाशील रूप) पेशीला संदेशवहनासाठी लागतेच, हे ऑक्सिडीरोधकांच्या जाहिरातींत सहसा सांगितले जात नाही.

पेवे व हळद : सांगलीजवळच्या हरिपूर येथे चिवट मातीत खोदलेल्या पेवांत (जमिनीखालील कोठारांत) हळद साठवीत, २००५ च्या महापुरानंतर त्यांतील बरीच निकामी झाली. बंद पेवात ऑक्सिजन घटतो, म्हणून तोंड उघडताच कोणी आत उतरत नाही. आधी कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. मेंदूचेही तसेच : ऑक्सिजन तुटला की चेतापेशींतील एटीपी काही मिनिटांत ओसरते आणि सक्सिनेट (इंधनाच्या ज्वलनातील एक मधला पदार्थ) साचते. पुरवठा पूर्ववत होताच ते झपाट्याने जळते, इलेक्ट्रॉन संकुल १ कडे उलटे वाहतात व सुपरऑक्साइडचा लोंढा निघतो. मेंदूच्या रक्तवाहिनीतील अडथळा दूर केल्यावर होणाऱ्या इजेचे हेच एक कारण मानतात.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातील कुर्क्युमिन परखनळीत मुक्त मूलके (सुपरऑक्साइडसारखे क्रियाशील रेणू) टिपते. मात्र आहारातून ते रक्तात अत्यल्प उतरते. आतडे व यकृत त्याचे लगेच रूपांतर करतात. शिवाय ते स्वतःच प्रकाशते व अनेक प्रथिनांशी अभिक्रिया करते, त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचण्या फसव्या ठरू शकतात. मेंदूविकारांवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. ई जीवनसत्त्व या दुसऱ्या ऑक्सिडीरोधकाचीही तीच गत : आरंभीच्या कंपवाताच्या ८०० रुग्णांवरील चाचणीत (निष्कर्ष १९९३) त्याने रोगाची वाढ मंदावली नाही.