डोलत्या डेकवर उतरणारं मानवरहित हेलिकॉप्टर

समुद्रात २० मीटर उंचीवरून पाहिलं तर क्षितिज जेमतेम १६ किलोमीटरवर असतं. पृथ्वीच गोल, त्याला इलाज नाही. तोच कॅमेरा हजार मीटर वर नेला की नजर ११० किलोमीटरच्या पुढे जाते. युद्धनौकांना हेलिकॉप्टर लागतं ते आधी यासाठी. धावपट्टी नको, डेकचा चौथरा पुरतो.

वैमानिकाविना हे करायची धडपड जुनी आहे. डिसेंबर १९६० मध्ये अमेरिकेच्या ‘हेझलवूड’ या विनाशिकेवर असं हेलिकॉप्टर पहिल्यांदा उतरलं. एकाच दांड्यावर एकावर एक पात्यांच्या दोन जोड्या, उलट दिशांनी फिरणाऱ्या. त्यामुळे शेपटीला पंखा लागत नाही आणि यंत्र आखूड राहतं. पोटाखाली टॉर्पेडो लावून ते दूरच्या पाणबुडीवर टाकायचं, हे त्याचं काम. पुढे व्हिएतनाममध्ये टीव्ही कॅमेरा लावून त्यानं नौकेच्या तोफांना निशाणाही दाखवला. सातशेहून जास्त यंत्रं बनली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त गमावली. मला यात निष्काळजीपणा दिसत नाही. नौकेच्या पोटात बसून ते चालवणाऱ्याला त्याची उंचीच कळत नव्हती. डोळे बांधून गाडी हाकण्यासारखंच ते.

खरी परीक्षा उतरताना. डेक लाटेबरोबर उचललं जातं, खाली बसतं, कलतं. अमेरिकेच्या ‘फायर स्काउट’ या अलीकडच्या मानवरहित हेलिकॉप्टरसाठी नौकेवरचा छोटा रडार त्याचा सतत माग घ्यायचा आणि खाली येण्याची वाट संगणक आखायचा. टेकताक्षणी पोटाखालचा आकडा डेकमधल्या लोखंडी जाळीत अडकायचा, नाहीतर पुढची लाट हेलिकॉप्टरला घसरवत कडेला नेणार.

संपर्क तुटला तर? तेव्हा ठरल्या जागी परतण्याची आज्ञा संगणकात आधीच भरलेली असते. पण ऑगस्ट २०१० मध्ये मेरीलँडमध्ये चाचणीवर असलेल्या एका फायर स्काउटचा दुवा तुटला आणि सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे ते परतलंच नाही. उडत उडत ते वॉशिंग्टनभोवतीच्या प्रतिबंधित हवाई हद्दीत शिरलं. चालकांनी दुसऱ्या नियंत्रण केंद्रावरून संपर्क जोडला, तेव्हा कुठे ते सुखरूप तळावर उतरलं.