शेमिनी अत्सेरेत आणि सिम्हात तोरा: एक दिवस की दोन?

7 ऑक्टोबर 2023 रोजी इस्रायलवर हल्ला झाला, तो दिवस कुणी सिम्हात तोरा या यहुदी सणाचा म्हणतं, कुणी शेमिनी अत्सेरेत या सणाचा. दोघांचंही बरोबर आहे. यहुदी पंचांगात ती तिश्री महिन्याची 22 तारीख होती. इस्रायलमध्ये त्या एकाच दिवशी दोन्ही सण येतात. इस्रायलबाहेर, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या बेने इस्रायली यहुद्यांकडेही, 22 ला शेमिनी अत्सेरेत आणि 23 ला सिम्हात तोरा. 2026 मध्ये या तारखा 3 आणि 4 ऑक्टोबरला येतात, अर्थात आदल्या सूर्यास्तापासून.

बाहेरच्यांना एक दिवस जास्त का? पूर्वी चंद्रकोर पाहिल्याची साक्ष मिळाली की मगच नवा महिना सुरू झाल्याचं जाहीर होई. ही बातमी लांबच्या गावी सणाआधी पोचेलच असं नव्हतं, म्हणून तिथले लोक खबरदारी म्हणून दोन दिवस पाळत. पुढे पंचांग गणिताने ठरू लागलं, तरी बाहेरच्यांनी दुसरा दिवस सोडला नाही. रिफॉर्म या सुधारणावादी पंथाची बहुतेक मंडळी मात्र तो पाळत नाहीत, त्यामुळे न्यूयॉर्कमध्येही एखाद्या सिनेगॉगात, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, दोन्ही सण 22 लाच सापडतात. नुसता देश पाहून निकाल लावू नये.

शेमिनी अत्सेरेत तोरामध्येच, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथातच, सांगितलेला आहे: सुक्कोतचे, म्हणजे मांडवांच्या सणाचे, सात दिवस झाले की आठव्या दिवशी मेळावा. तो सुक्कोतला चिकटून येतो, पण तालमूद हा धर्मगुरूंच्या चर्चांचा जुना ग्रंथ त्याला स्वतंत्र सण मानतो. सुक्कोतमध्ये हातात धरायचे लुलाव (खजुराची पात) आणि एत्रोग (महाळुंगासारखं फळ) या दिवशी घेत नाहीत. सुक्काच्या मांडवाचं मात्र त्रांगडं आहे. इस्रायलबाहेर या दिवशी मांडवात बसून जेवायचं, पण मांडवात बसण्याचा आशीर्वाद म्हणायचा नाही. हा तोडगाही तालमूदचाच.

या दिवसाची खास गोष्ट म्हणजे पावसाची प्रार्थना. इथून वसंतातल्या पेसाह सणापर्यंत प्रार्थनेत 'वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा' असं देवाला म्हणतात. ही झाली स्तुती. 'पाऊस दे' हे मागणं इस्रायलमध्ये 7 हेश्वानला (हेश्वान हा तिश्रीनंतरचा महिना) आणि बाहेर डिसेंबरच्या सुरुवातीला सुरू होतं. दोन्हींची गल्लत फार होते. हा पाऊस अर्थातच इस्रायलच्या हिवाळ्याचा. कोकणात तेव्हा भात कापणीला आलेलं असतं आणि शेतकरी पाऊस नको म्हणत असतो!

सिम्हात तोराचं नाव तोरात नाही आणि तालमूदमध्येही नाही. तालमूद फक्त एवढंच सांगतो की दुसऱ्या दिवशी अनुवादाचे, म्हणजे तोराच्या पाचव्या आणि शेवटच्या पुस्तकाचे, शेवटचे अध्याय वाचावेत. बाबिलोनियात (आजच्या इराकमध्ये) तोराचं वाचन वर्षाभरात पुरं होई, इस्रायलच्या भूमीत त्याला तीनेक वर्षं लागत. बाबिलोनी पद्धत सगळीकडे रुळली, तसा समाप्तीचा आनंद या दिवसाला येऊन चिकटला. 1170 च्या सुमाराला स्पेनमधल्या तुदेलाचा प्रवासी बेन्यामीन कैरोजवळच्या फुस्तातमधली दोन सिनेगॉग वर्णन करतो. एकात वर्षाचं वाचन, दुसऱ्यात तीन वर्षांचं. तरी सिम्हात तोराला दोन्हीकडचे लोक एकत्र प्रार्थना करत. संपवल्याबरोबर उत्पत्तीचा, म्हणजे तोराच्या पहिल्या पुस्तकाचा, आरंभ करायची रीत त्याही नंतर पक्की झाली. सात हकाफोत, म्हणजे वाचनाच्या ओट्याभोवती तोराच्या चर्मपत्री गुंडाळ्या घेऊन नाचत घातलेल्या प्रदक्षिणा, 16 व्या शतकातल्या सफेद (त्सफात) या उत्तर इस्रायलमधल्या गावच्या गूढवाद्यांमुळे पसरल्या. आता अनेक ठिकाणी स्त्रियाही गुंडाळी घेऊन नाचतात. कट्टर सनातनी सिनेगॉगांमध्ये अजून नाही.

सिनेगॉगात जाऊन कोणता सण चाललाय ते ओळखायचं असेल तर वाचनासाठी किती गुंडाळ्या काढल्यात ते मोजा. इस्रायलबाहेर शेमिनी अत्सेरेतला दोन: अनुवाद 14:22 पासून 16:17 पर्यंत आणि गणना या तोराच्या चौथ्या पुस्तकातला 29:35 पासूनचा छोटा भाग. सिम्हात तोराला तीन: अनुवाद 33-34, उत्पत्ती 1:1 ते 2:3, आणि गणनेतला तोच भाग. इस्रायलमध्ये 22 लाच या तिन्ही निघतात.

तीन कशाला? शेवटून पहिल्या ओळीवर यायचं म्हणजे अख्खी गुंडाळी उलटी फिरवायची. त्यात बराच वेळ जातो आणि तोवर सगळे ताटकळतात. म्हणून तिन्ही सणाआधीच योग्य जागी लावून ठेवायच्या. हे राहिलं की घोळ ठरलेला. अनुवाद 33 चा पहिला भाग पुन्हापुन्हा वाचतात, म्हणजे प्रत्येकाला वाचनासाठी बोलावता येतं. मग मोठ्यांच्या प्रार्थनेच्या शालीखाली सगळी मुलं एकत्र येतात. शेवटच्या ओळींचा मान 'हतान तोरा'ला, म्हणजे तोराच्या नवरदेवाला. उत्पत्तीचा मान 'हतान बेरेशित'ला.

खरी कसोटी वाचनानंतर लागते. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातून आलेल्या यहुद्यांच्या, पद्धतीत गुंडाळी उघडीच दोन दांड्यांवर उचलून सर्वांना दाखवतात. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे वाचून झालेलं चर्मपत्र उजव्या दांड्यावर जमतं. अनुवादाच्या शेवटी जवळजवळ सगळा भार उजव्या हातावर, उत्पत्तीच्या सुरुवातीला डाव्या हातावर. ज्याचा डावा हात कच्चा त्याने उत्पत्तीची गुंडाळी दुसऱ्या कुणाला द्यावी. काही ठिकाणी या दिवशी हातांची अढी घालून उचलतात आणि वर नेताना ती सोडवतात. दिसायला झोकदार, पण सराव नसेल तर करू नये. गुंडाळी हातातून पडली तर उपास धरायची रीत आहे. इराकी यहुद्यांकडे गुंडाळी कडक पेटीत उभी असते आणि उभीच वाचतात, त्यामुळे एका हातावर भार येण्याचा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

मुंबईहून सणापुरता इस्रायलला गेलेल्याची मात्र पंचाईत होते. बहुतेक रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) मते त्याने दोन दिवसच पाळायचे. पण 23 तारखेला तो सिनेगॉगात पोचतो तेव्हा तिथे साधी रोजची प्रार्थना चाललेली असते आणि गुंडाळ्या कपाटात परतलेल्या असतात. नाच बघायचाच असेल तर 22 तारीख चुकवू नये.