हामेल्न : पुंगीवाल्याचे गाव

हामेल्न हे जर्मनीच्या नीडरझाक्सन राज्यातील, वेझर नदीकाठचे सुमारे ५७ हजार वस्तीचे शहर. हानोफरपासून ते नैर्ऋत्येस साधारण ४५ किलोमीटरवर आहे. आपल्याकडे त्याला इंग्रजी वळणाने हॅमलिन म्हणतात. गावात उंदरांचा सुळसुळाट होतो, रंगीबेरंगी कपड्यांतला एक परका पुंगी वाजवत ते सगळे नदीत बुडवतो, गावकरी ठरलेले पैसे द्यायला नाकारतात आणि मग तो त्याच पुंगीमागे गावची मुले घेऊन जातो. बहुतेक प्रवासी ही गोष्ट मनात घेऊनच येथे उतरतात. मात्र गाव नीट पाहायचे तर उंदीर थोडे बाजूला ठेवावे लागतात, कारण हामेल्नच्या जुन्या नोंदींत ते नाहीतच. तिथे फक्त हरवलेली मुले आहेत.

पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिलेली ल्यूनेबुर्ग या जर्मन शहरातील लॅटिन नोंद ही या घटनेची सर्वांत महत्त्वाची जुनी साक्ष. तीत तारीख स्पष्ट आहे : २६ जून १२८४, संत जॉन आणि संत पॉल यांचा दिवस. उत्तम कपडे घातलेला एक देखणा तिशीतला तरुण पुलावरून गावात आला आणि चांदीची बासरी वाजवू लागला. (मराठीत ‘पुंगी’ म्हटल्याने गारुडी डोळ्यांपुढे येतो, या नोंदीतला माणूस तसा मुळीच नाही.) ती ऐकून १३० मुले त्याच्यामागे पूर्ववेशीतून बाहेर पडली आणि दिसेनाशी झाली. पुढे एक वाक्य येते : मुलांच्या आया गावोगाव धावत हिंडल्या, पण त्यांना काहीच सापडले नाही. साऱ्या दंतकथेत यापेक्षा खरे वाटणारे वाक्य दुसरे नाही. कोणाची चूक, कोणाला शिक्षा, असला हिशेब या नोंदीत कुठेच नाही.

गावातील बाजारपेठेच्या चर्चमध्ये साधारण १३०० च्या सुमाराची या प्रसंगाची रंगीत काचेची खिडकी होती. ती १६६० मध्ये नष्ट झाली, पण १५९२ मधील एका प्रवासवृत्तात तिच्यावरून काढलेले म्हणून ओळखले जाणारे चित्र आहे, आणि बासरीवाल्याचे तेच सर्वांत जुने चित्र मानतात. उंदीर गोष्टीत शिरले ते सोळाव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी. न दिलेल्या मजुरीचा बदला हा भागही त्यांच्याबरोबर आला. ग्रिम बंधूंनी १८१६ मध्ये आपल्या दंतकथासंग्रहात ही गोष्ट नोंदवली. त्यांच्या कथेत मागे दोन मुले उरतात, एक आंधळा आणि एक मुका. आंधळ्याला जागा दाखवता येत नाही, मुक्याला काही सांगता येत नाही. रॉबर्ट ब्राउनिंगच्या १८४२ च्या इंग्रजी कवितेने गोष्ट जगभर नेली. तीत मात्र मागे एक लंगडा मुलगा राहतो आणि साल १३७६ दिले आहे.

मुलांचे खरे काय झाले याबद्दल अनेक तर्क आहेत. साथीचा रोग, मुलांचे धर्मयुद्ध (पवित्र भूमीकडे निघालेली मुलांची मोहीम), १२६० च्या सुमारास झालेली झेडेम्युंडरची लढाई, नाचाचे वेड अशी कारणे सुचवली गेली आहेत. सर्वांत पटणारा तर्क स्थलांतराचा आहे. त्या काळी पूर्वेकडच्या नव्या प्रदेशांत वस्ती करण्यासाठी माणसे गोळा करणारे दलाल जर्मन गावांतून फिरत. नावांचे अभ्यासक युर्गेन उडोल्फ यांनी हामेल्न परिसरातील नावे प्रिग्निट्स, उकरमार्क आणि पोमेरेनिया या पूर्वेकडच्या भागांत पुन्हा भेटतात हे दाखवले. ‘गावची मुले’ म्हणजे वयाने लहानच असतील असे नाही. आपणही नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या चाळिशीच्या माणसांना ‘गावची पोरं’च म्हणतो.

हानोफरहून लोकल गाडीने पाऊण तासात हामेल्नला पोहोचता येते. स्थानक जुन्या गावाच्या पूर्वेला आहे, त्यामुळे प्रवासी ओस्टरश्ट्रासे या पूर्वेच्या रस्त्याने आत शिरतो. मुले याच बाजूने बाहेर गेली असे मानतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेझर-रेनेसाँ, म्हणजे वेझर नदीच्या परिसरातील सोळाव्या-सतराव्या शतकांतील वास्तुशैलीच्या, कोरीव दगडी दर्शनी भिंती आणि लाकडी चौकटीची घरे आहेत. फरसबंदीत बसवलेल्या उंदरांच्या खुणा धरून चालले की सारे गाव पायी पाहून होते. लाइस्टहाउस आणि शेजारचे श्टिफ्ट्सहेरनहाउस या जुन्या इमारतींत शहराचे संग्रहालय आहे. १६१० ते १६१७ या काळात बांधलेल्या लग्नघरावर, म्हणजे होख्त्साइट्सहाउसवर, दुपारी १:०५, ३:३५ आणि ५:३५ वाजता घंटानादाबरोबर बासरीवाल्याच्या बाहुल्या फिरतात. मे मध्यापासून सप्टेंबर मध्यापर्यंत दर रविवारी दुपारी बारा वाजता याच इमारतीपुढे गावकरी ही दंतकथा उघड्यावर सादर करतात. १९५६ पासून हा प्रयोग चालू आहे आणि तो विनामूल्य आहे. उंदीर आणि मुले दोन्ही होतात ती गावातलीच लहान मुले. शक्य असेल तर भेटीसाठी रविवारच निवडावा. या दंतकथेभोवतीची परंपरा २०१४ मध्ये जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली गेली.

ज्याला बासरीवाल्याचे घर म्हणतात ते १६०२-०३ मध्ये एका नगरसेवकासाठी बांधले गेले. बासरीवाला तिथे कधीच राहिला नाही. नाव पडले ते बाजूच्या भिंतीवरील लेखामुळे. त्यात तारीख आहे, रंगीबेरंगी कपड्यांतला वादक आहे आणि हामेल्नमध्ये जन्मलेली १३० मुले आहेत. उंदरांचा एक शब्दही नाही. ही भिंत ज्या अरुंद गल्लीवर आहे तिचे नाव बुंगेलोझेनश्ट्रासे, म्हणजे बिनढोलाची गल्ली. मुले येथून गेली म्हणून या गल्लीत वाद्य वाजवायचे नाही, नाचायचे नाही, असा जुना दंडक आहे. ग्रिम बंधू लिहितात की नवरीची वरात जरी चर्चकडे निघाली असली, तरी या गल्लीत शिरताना वाजंत्री थांबत.