भास, तेरा नाटके आणि एक हरवलेला श्लोक

१९०९ साली त्रावणकोर संस्थानचे त. गणपतिशास्त्री जुन्या पोथ्या धुंडाळत फिरत होते. पद्मनाभपुरमजवळच्या मणलिक्कर मठात त्यांच्या हाती ताडपत्रांची एक जुडी लागली. पाने १०५, लिपी मलयाळम, भाषा संस्कृत. दहा नाटके पुरी होती, अकराव्याचा तुकडा होता आणि कर्त्याचे नाव मात्र कुठेच नव्हते. पुढे ‘अभिषेक’ आणि ‘प्रतिमा’ ही आणखी दोन सापडली आणि आकडा तेरावर गेला. १९१२ पासून ही नाटके त्रिवेंद्रम संस्कृत ग्रंथमालेत छापून येऊ लागली, ती थेट कालिदासाच्याही आधीचा नाटककार भास याच्या नावाने. संस्कृत पंडितांमधला एक मोठा वाद तिथून सुरू झाला आणि तो आजही मिटलेला नाही.

खळबळ उडण्याचे कारण साधे होते. भास हे नाव सगळ्यांना ठाऊक होते, नाटक एकही हाती नव्हते. ‘मालविकाग्निमित्रा’च्या सुरुवातीलाच सूत्रधाराचा साथीदार विचारतो, भास, सौमिल्लक, कविपुत्र असे नावाजलेले कवी असताना या आजच्या कालिदासाचे नाटक कशाला? त्यावर कालिदासाने दिलेले ‘पुराणमित्येव न साधु सर्वम्’ (जुने म्हणून सगळेच चांगले नसते) हे उत्तर आपण अजूनही वापरतो. बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त भासाची स्तुती केली. म्हणजे कालिदासाला ज्याच्याशी तुलना होण्याची धास्ती वाटली, तो नाटककार शतकानुशतके केवळ इतरांच्या उल्लेखांतून उरला होता.

नाव नसलेली पोथी भासाची कशी ठरली? इथे राजशेखर या जुन्या संस्कृत कवीचा एक श्लोक कामी आला. रसिकांनी पारखण्यासाठी भासाचे नाटकचक्र आगीत टाकले, पण ‘स्वप्नवासवदत्त’ अग्नीला जाळता आले नाही, असा त्याचा आशय. हा श्लोक आपल्यापर्यंत आला तो जल्हणाच्या ‘सूक्तिमुक्तावली’मुळे. हा सुभाषितसंग्रह १२५८ सालचा, देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला. केरळच्या पोथीला नाव मिळवून देणारा पुरावा असा महाराष्ट्रात जपला गेला होता, हे मला फार मोलाचे वाटते.

गणपतिशास्त्र्यांचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा होता. ‘स्वप्नवासवदत्त’ भासाचे, हे राजशेखर सांगतो. मग ज्या नाटकांची ठेवण त्याच्यासारखी, तीही भासाची. ठेवण मिळतीजुळती आहे यात शंका नाही. ‘नान्द्यन्ते ततः प्रविशति सूत्रधारः’ (नांदी संपल्यावर सूत्रधार येतो) हे वाक्य आधी येते आणि मंगलश्लोक नंतर. प्रस्तावनेला इथे ‘स्थापना’ म्हटले आहे. बऱ्याच नाटकांत सूत्रधार त्याच शब्दांत बोलायला लागतो, ‘एवमार्यमिश्रान् विज्ञापयामि’ (मान्यवरांना अशी विनंती करतो), आणि तेवढ्यात पडद्याआडून आवाज येतो. शेवटी हिमालय आणि विंध्य ही कुंडले ल्यालेल्या पृथ्वीवर आमचा ‘राजसिंह’ राज्य करो, ही प्रार्थनाही पुनःपुन्हा भेटते. त्यात प्राकृत जुन्या वळणाचे, पाणिनीला न पटणारी रूपे, आणि ‘ऊरुभंगा’त तर दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, जे नाट्यशास्त्राच्या नियमात बसत नाही. हे सगळे पाहून शास्त्र्यांनी भासाला पाणिनी आणि कौटिल्याच्याही मागे नेऊन बसवले. तिथे ते फारच पुढे गेले, असे माझे मत आहे.

शंका घेणारे लवकरच उभे राहिले. आपल्याकडे ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात हा विषय १९१६ पासूनच चर्चेला आला होता आणि १९२० साली पां. वा. काणे यांनीही त्यात लिहिले. लंडनहून बार्नेट यांनी राजसिंह हा पांड्य राजा असावा आणि नाटके सातव्या शतकाच्या आसपासची असावीत, असे मांडले. पण खरा घाव घातला तो केरळच्याच पिशारोटींनी. ते म्हणाले, तुम्ही ज्याला भासाची खूण म्हणता ती आमच्याकडच्या पोथ्यांची रीत आहे. कूडियाट्टम ही केरळची संस्कृत नाट्यपरंपरा चालवणारे चाक्यार नट नाटक कधी सलग करत नाहीत. एकेक अंक सुटा काढतात, त्याला वेगळे नाव देतात आणि रात्रीमागून रात्री रंगवतात. ‘प्रतिज्ञायौगंधरायणा’चा तिसरा अंक त्यांच्याकडे ‘मंत्रांक’ म्हणून ओळखला जातो आणि तो ४१ दिवस चालत असे. अशा नटांच्या हातातली पोथी म्हणजे प्रयोगाची प्रत. तिची सुरुवात ठरलेली असते, आणि ‘मत्तविलासा’सारख्या दुसऱ्याच्या नाटकाची केरळी पोथीही तशीच सुरू होते. मग सुरुवातीच्या सारखेपणावरून कर्ता एकच, हे कसे म्हणायचे?

या टप्प्यावर एक श्लोक पुढे आला. तो मी इथे पुरा देतो, कारण सगळ्या वादाची गाठ त्यातच आहे. १९२३ साली फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेवी यांनी दाखवून दिले की रामचंद्र आणि गुणचंद्र यांच्या ‘नाट्यदर्पण’ या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’तला म्हणून हा श्लोक दिला आहे:

पादाक्रान्तानि पुष्पाणि सोष्म चेदं शिलातलम्।
नूनं काचिदिहासीना मां दृष्ट्वा सहसा गता॥

फुले तुडवलेली आहेत, शिळा अजून ऊन आहे, कोणीतरी इथे बसली होती आणि मला पाहून चटकन निघून गेली. नाटकाचा नायक राजा उदयन शेफालिकेच्या मांडवातली शिळा पाहून हे बोलतो, असेही ‘नाट्यदर्पण’ सांगते. आणि त्रिवेंद्रमच्या छापील प्रतीत हा श्लोक नाही!

विरोधकांनी म्हटले, बघा, हे खरे ‘स्वप्नवासवदत्त’च नव्हे. पण चौथा अंक उघडून पाहावा. उदयनाच्या राण्या पद्मावती आणि वासवदत्ता बागेत आहेत, दासी शेफालिकेची फुले वेचते आहे. राजा आणि विदूषक येताना दिसतात, तशा दोघी माधवीच्या मांडवाआड लपतात. विदूषक म्हणतो, पद्मावती इथे येऊन गेली असणार. राजा विचारतो, कशावरून? विदूषक फुले खुडलेले शेफालिकेचे गुच्छ दाखवतो. श्लोक बसायची जागा तिथे जशीच्या तशी रिकामी आहे. प्रसंग तोच, बाग तीच, फुलेही तीच. मला यातून एवढेच दिसते की नाटक भासाचेच, आपल्याकडे आली ती नटांनी कातरलेली प्रत. प्रयोगात श्लोक गाळले जातात, हे नाटकवाल्यांना वेगळे सांगायला नको.

बाकी बारा नाटकांना हाच न्याय लावता येत नाही, कारण त्यांच्या बाजूने बोलणारा राजशेखर नाही. ‘चारुदत्त’ घ्या. देवलांच्या ‘मृच्छकटिका’मुळे चारुदत्त आणि वसंतसेना मराठी प्रेक्षकाला घरचीच. पोथीतले ‘चारुदत्त’ चार अंकांवर थांबते आणि शूद्रकाच्या मूळ दहा अंकी संस्कृत ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या चार अंकांशी ते ओळीओळीने जुळते. शूद्रकाने ते वाढवले की कोणी शूद्रकाला छाटले? वि. स. सुखठणकर यांनी दोन्ही पाठ शेजारी ठेवून तपासले आणि ‘चारुदत्ता’चा पाठ मुळाशी अधिक जवळचा ठरवला. प्राकृताच्या जुनेपणाबद्दल मात्र त्यांनी सावध केले, कारण दक्षिणेकडच्या पोथ्या एरवीही जुनी रूपे टिकवून ठेवतात. भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक ते पुढे झाले. पाठ शब्दाशब्दाने ताडून पाहायचा आणि निकाल घाईने द्यायचा नाही, ही त्यांची शिस्त या लेखांतही दिसते.

पुण्याचे चिं. रा. देवधर यांनी १९२७ साली या नाटकांच्या अस्सलपणावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, नंतर १९३७ साली तेराही नाटके ‘भासनाटकचक्रम्’ म्हणून एकत्र संपादित केली. बहुतेक विद्यार्थ्यांना भास भेटतो तो अशा आवृत्त्यांतून. अ. द. पुसाळकर यांनी १९४० च्या ग्रंथात तेराही नाटकांना भासाचे मानले. १९४१ साली गोंडलहून ‘यज्ञफल’ नावाचे चौदावे नाटकही भासाच्या नावावर प्रसिद्ध झाले, पण अभ्यासकांनी ते उचलून धरले नाही.

मुखपृष्ठावर ‘भासविरचितम्’ छापायचेच असेल तर ते ‘स्वप्नवासवदत्ता’वर छापावे, आणि त्याच्याच कथेची आधीची बाजू सांगणाऱ्या ‘प्रतिज्ञे’वर फार तर. ‘कर्णभार’, ‘ऊरुभंग’, ‘मध्यमव्यायोग’ यांच्यापुढे ‘परंपरेने भासाचे’ एवढे लिहिणे प्रामाणिक होईल. त्यांची गोडी त्याने उणावत नाही. आणि प्रस्तावनेत एक ओळ चाक्यारांसाठी हवी. या नाटकांचे प्रयोग त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवले नसते, तर ती मठातली जुडी तिथे असतीच कशाला?