दिव्यांग लेकराचं कार्ड, पेन्शन, इन्शुरन्स: सोलापुरात सुरुवात कुठून करायची

सिव्हिलमधून सर्टिफिकेट मिळालं की मदत आपोआप सुरू होते असं बऱ्याच आईबापांना वाटतं, तसं काही होत नाही. सर्टिफिकेट एका खात्याचं, पेन्शन दुसऱ्याची, शाळेचं तिसऱ्याकडं, आणि या टेबलावरचा माणूस त्या टेबलाची माहिती देईलच असं नाही. मागितल्याशिवाय काही मिळत नाही, एवढं धरूनच चालायचं.

सगळ्यात आधी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर मोबाईलवरून फॉर्म भरता येतो, जमत नसेल तर सेतूत जा. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. मग सिव्हिलला तपासणीला जाताना जुनी फाईल ओरिजिनल घेऊन जा, एमआरआय, ईईजी, कानाची बेरा टेस्ट, डिस्चार्ज कार्ड, जे काही असेल ते सगळं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, थॅलेसेमिया, सिकलसेल आहे, शिकण्यातली अडचणसुद्धा आहे, त्यामुळे "पोरगं तर चांगलं दिसतंय की ओ" असं कुणी म्हणालं तरी परत फिरू नका. खरी रेष ४० टक्के दिव्यांगत्वाची, बहुतेक योजना तिथून पुढं. ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं. लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरतं सर्टिफिकेट देतात, त्याची तारीख संपायच्या आधी परत तपासणीला जा. टक्के पटले नाहीत तर अपील करता येतं, कायद्यात कलम ५९ त्यासाठीच आहे.

आणि नावं जुळवून घ्या आधी! आपल्याकडं तेलुगू, कन्नड आडनावं जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच असतात, अर्ज तिथंच अडकतो. सुरुवात आधारपासून करा, कारण पुढं सगळं त्यालाच लिंक.

पेन्शन म्हणजे संजय गांधी निराधार योजना, अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. यूडीआयडी, राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार लिंक असलेलं बँक खातं. दिव्यांगांना आधी महिना १५०० मिळायचे, ऑक्टोबर २०२५ पासून २५०० केलेत. खरा घोळ उत्पन्नाचा आहे. मर्यादा वर्षाला ५० हजार, म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा नाहीत. आई विड्या वळते आणि बाप यंत्रमागावर, अशा घरातपण दोघांचं मिळून त्याच्या वर जातं, मग हे घर श्रीमंत झालं का? माझं स्पष्ट मत आहे की ही मर्यादा जगायच्या हिशोबाने ठरवलेलीच नाही. म्हणून पेन्शन नाकारली तर पुढचं सोडून देऊ नका, कारण बाकी बऱ्याच गोष्टींना उत्पन्नाची अट नाही.

उदाहरणार्थ निरामय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, आधी मेडिकल टेस्ट नाही, थेरपीचा खर्चपण बसतो. नॅशनल ट्रस्ट ही केंद्र सरकारची संस्था, तिच्याकडं नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत फॉर्म जातो. रिन्यूअल दरवर्षी, ते विसरलात की थेरपीची बिलं परत खिशातून. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्यात खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मूल वंचित गटात येतं, तिथं उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, मागितला तर वाद घाला. ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण हा हक्क आहे, "आमच्याकडं सोय नाही" हे उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून मागा. एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत. महापालिका असो की ग्रामपंचायत, उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो, त्यातून काय देताय हे अर्ज करून विचारा, गावाकडं तर हे कित्येकांना माहीतच नसतं.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. "साहेब मीटिंगला गेलेत, नंतर या" म्हटलं तरी आवक टेबलावर अर्ज टाकूनच या. नुसतं फिरवत असतील तर 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार टाका, तरी हललं नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं, तिथं दाद मागायला वकील लागत नाही, पण पोच नसेल तर दाखवणार काय?

पोरगं १७ चं झालं असेल तर अजून एक. बौद्धिक दिव्यांगता, ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाप १८ नंतर कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, बँकेत सही अडते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरांच्या समितीकडं पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, कागद आत्तापासूनच जमवायला घ्या.