दहातला एक गेला कुठे?

बेडकांचा काळ ठरलेल्या कायट्रिड बुरशीबद्दल इंग्रजीत काहीही वाचायला घ्या, दोन-तीन परिच्छेदांत ‘डेसिमेट’ हे क्रियापद भेटतंच. बुरशीने बेडकांची संख्या डेसिमेट केली, म्हणजे पार वाताहत केली. ते खोटंही नाही. २०१९ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार या रोगाने उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० जाती बहुधा नामशेष झाल्या. पण अशा वाक्यावर बोट ठेवणारा एक जण हमखास निघतो. डेसिमेट म्हणजे दहातला एक मारणं, इथे तर त्याहून कितीतरी जास्त मेले, तेव्हा शब्द चुकला! ही हरकत दीडशे वर्षांची जुनी आहे, ऐकायला विद्वत्तेची वाटते आणि माझ्या मते साफ चुकीची आहे.

आधी तिच्यातला खरा भाग सांगतो. लॅटिनमध्ये ‘डेकेम’ म्हणजे दहा. रोमन सैन्यातली अख्खी तुकडी शत्रूपुढून पळाली, तर सगळ्यांना मारणं परवडायचं नाही आणि मोकळं सोडणंही शक्य नसायचं. मग चिठ्ठ्या टाकून साधारण दहातला एक निवडायचा आणि त्याला सोट्यांनी ठेचून ठार करायचं. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने हे वर्णन करून ठेवलं आहे. उरलेल्यांना गव्हाऐवजी जवाचा शिधा मिळे आणि तळाच्या तटबंदीबाहेर मुक्काम करावा लागे. स्पार्टाकसच्या गुलामांच्या बंडाच्या वेळी, इ.स.पू. ७१च्या सुमारास, क्रॅसस या रोमन सेनापतीने आपल्याच सैन्यातल्या पळण्यात पुढे असलेल्या ५०० जणांचे दहा-दहांचे ५० गट पाडले आणि प्रत्येकातला एक मारला, असं प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो.

आता हिशोब करा. ५००तले ४५० जिवंत राहिले. अशी शिक्षा एकाच तुकडीला पुन्हा पुन्हा दिली, तरी ती निम्म्याच्या खाली यायला सात फेऱ्या लागतात, कारण ०.९चा सातवा घात साधारण ०.४८ येतो. आकड्यांत पाहिलं तर कित्येक मोठ्या साथी याहून क्रूर ठरतील. दहशत होती ती चिठ्ठीत. जो जिवावर उदार होऊन लढला त्याचंही नाव निघू शकत होतं. म्हणजे या शब्दात सुरुवातीपासून दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या, एक अपूर्णांक आणि एक भीती.

इंग्रजीत शब्द आला तेव्हा अपूर्णांक शाबूत होता. १६५५मध्ये, इंग्लंडात राजा नसताना, क्रॉमवेलच्या राजवटीने राजाच्या पक्षातल्या जमीनदारांच्या उत्पन्नावर १० टक्के कर लादला, त्याला डेसिमेशन करच म्हणत. पण त्याच शतकात ‘मोठा भाग नष्ट करणं’ असा सैल वापरही दिसू लागतो. १८४८मध्ये शार्लट ब्राँटी ही इंग्रज कादंबरीकार एका पत्रात आपल्या जुन्या शाळेतल्या टायफसच्या साथींबद्दल हेच क्रियापद वापरते, आणि मृतांची टक्केवारी काही तिने काढलेली नसते. अमेरिकी यादवी युद्धाच्या बातम्यांतही शब्द असाच वापरला गेला. १८७०मध्ये रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकी भाषाचिकित्सकाने त्याची टर उडवली, आणि आजचे आक्षेप घेणारे तीच री ओढतात.

आता मला खरं जे सांगायचं आहे तिकडे वळतो. शब्दाचा अर्थ पिढीकडून पिढीकडे जमिनीसारखा वारसाहक्काने जात नाही. प्रत्येक मूल तो नव्याने ताडतं, आणि त्याच्या हाताशी असतात फक्त कानावर पडलेली वाक्यं. ‘थंडीच्या लाटेने पीक डेसिमेट झालं’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय कळतं? नुकसान मोठं आहे, हे कळतं. बोलणाऱ्याचा चेहरा उतरला आहे, हेही दिसतं. दहाचा मात्र मागमूसही नाही. तो लॅटिन येणाऱ्याच्या डोक्यात होता, वाक्यात कधी नव्हताच.

या ताडण्याचा चक्क प्रयोगशाळेत अभ्यास झाला आहे. सायमन कर्बी, हॅना कॉर्निश आणि केनी स्मिथ या संशोधकांनी २००८मध्ये एका बनावट भाषेवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन आकार, तीन रंग, तीन प्रकारच्या हालचाली, अशी २७ चित्रं आणि प्रत्येकाला एक निरर्थक शब्द. पहिल्या माणसाला त्यांतल्या १४ जोड्यांची शिकवणी दिली आणि परीक्षेत सगळ्या २७ चित्रांची नावं विचारली. त्याने दिलेली उत्तरं, चुकांसकट, दुसऱ्या माणसाची भाषा झाली. दुसऱ्याची तिसऱ्याला, अशा दहा पिढ्या. आपण साखळीतली एक कडी आहोत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, जो तो इमानाने घोकत होता. तरीही २७ वेगवेगळे शब्द घटत घटत मूठभर उरले. एका साखळीत आडव्या सरकणाऱ्या प्रत्येक वस्तूला, आकार-रंग कोणताही असो, ‘तुगे’ म्हणू लागले. कुणी मुद्दाम काही सोपं केलं नव्हतं. जो फरक मर्यादित उदाहरणांतून पुन्हा ताडता येत नाही, तो पुढच्या कडीपर्यंत पोचत नाही, इतकंच.

थोडं गणित. शिकणाऱ्यापुढे दोन अर्थ आहेत असं धरू. अरुंद अर्थ: ‘नेमका दहावा हिस्सा मारणं’. रुंद अर्थ: ‘मोठा हिस्सा मारणं’. संभाव्यताशास्त्रातल्या बेझच्या नियमाने प्रत्येक अर्थाचं वजन म्हणजे त्याची आधीपासूनची संभाव्यता (काहीही ऐकण्याआधी तो किती पटतो) गुणिले तो अर्थ खरा असेल तर ऐकलेली वाक्यं ऐकू येण्याची संभाव्यता. समजा वीस प्रसंग दिसले आणि वीसही वेळा नुकसान बरोबर १० टक्के निघालं. रुंद अर्थ खरा असता तर असा योगायोग जवळपास अशक्य, म्हणून अरुंद अर्थ जिंकेल. अर्थ आकुंचन पावतात ते असेच: इंग्रजीतला ‘डिअर’ एकेकाळी कुठलाही प्राणी होता, आता फक्त हरीण उरला आहे. पण यासाठी टक्केवारी ऐकणाऱ्याला दिसावी लागते. ती दिसत नसेल, तर दोन्ही अर्थ वाक्यांना सारखेच जुळतात, पुरावा दोघांना समान गुणतो, तराजू जागचा हलत नाही आणि निकाल आधीच्या संभाव्यतेवर जातो. ग्रिफिथ्स आणि कॅलिश या संशोधकांनी २००७मध्ये गणिताने दाखवलं की काही अटींखाली अशी लांब साखळी शेवटी शिकणाऱ्यांच्या मूळ कलाकडेच वाहत जाते, सुरुवातीची भाषा कोणतीही असो.

त्यात भर म्हणजे ही शर्यत एकतर्फी आहे. साठ टक्के माणसं मेलेल्या गावाबद्दल हा शब्द एकदा कानावर पडला की अरुंद अर्थ बाद. रुंद अर्थाला बाद करणारं वाक्य सापडणं फार अवघड, कारण दहावा हिस्सा मेला तरी हानी मोठीच म्हणायची. मग ‘हाव्ह’, म्हणजे अर्धं करणं, हे क्रियापद का टिकलं? कारण त्यातला ‘हाफ’ इंग्रजी बोलणाऱ्या पोरालाही ऐकू येतो, आणि अर्ध्याचा हिशोब नजरेसमोर होतो. डेसिमेटमधला ‘डेकेम’ ऐकू यायला लॅटिन लागतं, आणि शाळांतून लॅटिन आटत गेलं.

मूळ अर्थ तोच खरा, ही समजूत म्हणजे एक प्रकारची शब्दांवरची अंधश्रद्धाच. ‘क्वारंटाइन’मध्ये चाळीस दिवस दडलेले आहेत. कोविडमध्ये सरकारांनी १४ दिवसांचं क्वारंटाइन लावलं तेव्हा उरलेले २६ कुणी मागितले नाहीत. डिसेंबर नावाने दहावा महिना आहे, तरी बाराव्या जागी सुखाने बसला आहे. जाता जाता, ‘डेकेम हे आपल्या दशम्‌वरून चोरलं’ असं सांगणारे संदेश फिरतात, त्यांनाही हेच लागू. दोन्ही शब्द एकाच लुप्त पूर्वज भाषेतून आलेली भावंडं आहेत, त्यांतलं कुणी कुणाची आई नाही.

अर्थ सैल झाला म्हणजे शब्द वाटेल तसा चालतो, असंही नाही. बहुतेकांच्या तोंडी डेसिमेट अजून समूहांनाच लागतं: लोकसंख्या, कळप, जंगल, पीक, उद्योग, जखमी खेळाडूंनी निम्मा झालेला संघ. फुलदाणी फुटली तर ती डेसिमेट झाली असं सहसा कुणी म्हणत नाही. आकडा गेला, पण ‘अनेकांतले कित्येक गेले’ ही चौकट टिकली, कारण ती वाक्याच्या कर्मात दर वेळी दिसते. हल्ली तरुणांच्या बोलण्यात एकट्या प्रतिस्पर्ध्यालाही डेसिमेट करतात, तेव्हा तीही चौकट ढिली होते आहे. ‘चाळीस टक्क्यांनी डेसिमेट’ मात्र मला स्वतःला खटकतं. ज्या शब्दाच्या पोटात एकेकाळी आकडा होता, त्याच्या शेजारी दुसरा आकडा बसवला की जुन्याची उगाच आठवण होते.

अस्सल दहातला एक आजही टिकून आहे तो रोमन इतिहासाच्या पुस्तकांत. तिथे डेसिमेशन हे नाम आलं की आसपास चिठ्ठ्या असतात, सोटे असतात, दहा-दहांचे गट असतात. वाचणारा लॅटिनचं अक्षर न शिकताही त्या पानावरून अपूर्णांक काढू शकतो.