अतिदाब ऑक्सिजन उपचार आणि कवटीतील दाब

बंद कक्षात वातावरणापेक्षा जास्त दाबाखाली रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन देण्याच्या उपचाराला अतिदाब (हायपरबॅरिक) ऑक्सिजन उपचार म्हणतात. डोक्याला गंभीर इजा होऊन मेंदू सुजला की कवटीतील दाब कमी करण्यासाठीही तो वापरून पाहिला गेला आहे.

प्रौढ माणूस आडवा असताना हा दाब साधारण ७ ते १५ मिमी पारा असतो. कवटी ताणली जात नाही. मेंदू, रक्त आणि मस्तिष्क-मेरुद्रव (मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे पाणी) यांपैकी एकाने जागा अडवली की उरलेल्या दोघांना आवरते घ्यावे लागते, आणि तेही जमेनासे झाले की दाब झपाट्याने चढतो.

कक्षातला दाब सर्वांगावर सारखाच पडतो, त्यामुळे तो मेंदू चेपत नाही. काम करतो तो ऑक्सिजन. त्याचे प्रमाण वाढले की मेंदूतल्या बारीक धमन्या आकसतात, कवटीतले रक्त कमी होते, दाब उतरतो. रक्त घटूनही पेशींना ऑक्सिजन कमी पडत नाही, हेच या उपचाराचे मर्म. एरवी १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली ऑक्सिजन विरघळलेला असतो. ३ वातावरणदाबाला शुद्ध ऑक्सिजन घेतल्यास तो सुमारे ६ मिली होतो. ॲमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक बोरेमा यांनी १९६० मध्ये अशा कक्षात तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकलेली डुकरे जिवंत ठेवून दाखवली होती.

मात्र धमन्यांची आकसण्याची क्षमता शाबूत असावी लागते. फार जखमी मेंदूत ती नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला तर धमन्या उलट फुगतात. आणि कक्षाबाहेर आल्यावर दाब पुन्हा वाढू शकतो.

मिनीॲपोलिस येथे रॉक्सवोल्ड व सहकाऱ्यांनी १६८ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. १.५ वातावरणदाबाला, दर आठ तासांनी एक तास उपचार दिला गेला. मृत्यूचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १७ वर आले, पण स्वावलंबी होण्याइतके बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. ही मर्यादा उपचाराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विसरू नये. याच अभ्यासात कानाच्या पडद्याला आधीच छेद दिलेल्या रुग्णांत कवटीतील दाबाचा उच्चांक कमी राहिला. बेशुद्ध रुग्ण गिळून कान मोकळे करू शकत नाही, आणि कानातल्या कळांनीही कवटीतील दाब वर जातो.

कवटीत हवा अडकली असेल तर कक्षाचा दाब उतरवताना ती प्रसरण पावते, म्हणून ती आधी तपासून घ्यावी लागते.